आकाशातला देवमासा कुणाचा? अतिवास्तववादी डिजिटल कलेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डिजिटल कोलाज (वेगवेगळ्या चित्रांचे-फोटोंचे तुकडे संगणकावर जोडून केलेलं चित्र) करते आणि शिकवते. अतिवास्तववादी कला माणसाच्या व्यक्तित्वाचं रक्षण करते, असं मी म्हणत असते. वर्गात, मेलवर, प्रदर्शनात चहाचा कप हातात असताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाला फारसा अर्थ नाही. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या विषयांवर मला गप्प बसता येत नाही.

अतिवास्तववाद (सररिअलिझम) म्हणजे थोडक्यात काय?

पहिल्या महायुद्धात आंद्रे ब्रेतोन हा वैद्यकीचा विद्यार्थी फ्रेंच लष्कराच्या इस्पितळांत काम करत होता. मनावर आघात झालेले सैनिक त्याच्यासमोर येत आणि त्यांच्या असंबद्ध बोलण्यात त्याला अशा प्रतिमा सापडत, ज्या शुद्धीवरच्या कवीला सुचल्या नसत्या. १९२४ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. मागणी अशी होती, की तर्काचा, रीतिरिवाजाचा आणि ‘हे बरं दिसेल का’ या शंकेचा पहारा बाजूला करा आणि मन जे आणून देईल ते आधी कागदावर उतरू द्या. ज्या शहाण्यासुरत्या, तर्कशुद्ध युरोपनं आपली पिढीच्या पिढी खंदकांत घातली, त्या शहाणपणावरचा या मंडळींचा विश्वास उडाला होता. वितळणारी घड्याळं वगैरे सगळं नंतरचं. (स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं ते घड्याळांचं १९३१ चं चित्र जेमतेम २४ गुणिले ३३ सेंटिमीटरचं आहे. शाळेच्या चित्रकलेच्या वहीत मावेल.)

यात डिजिटल काय नवीन? कात्री-डिंक होतेच की.

होतेच. अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्टनं एकोणिसाव्या शतकातल्या कॅटलॉगांची आणि स्वस्त कादंबऱ्यांची कोरीव चित्रं कापून अशी चिकटवली, की सांधा दिसू नये. छापलेल्या प्रतीत तर तो अजिबातच दिसत नसे. अमेरिकेत छायाचित्रकार जेरी युल्समन डार्करूममध्ये बरेच एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणारी यंत्रं) ओळीनं मांडून एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली सरकवत नेत आणि झाडाच्या मुळांवर घर उभं करत. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, पण कोलाजवाल्यांसाठी खरा बदल १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीनं केला. तिच्यात लेयर आले, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे चित्राचे सुटे थर. त्याआधी एक तुकडा दुसऱ्यावर बसवला की बसला. लेयर आल्यावर तो उचलता, झाकता, परत आणता येऊ लागला.

फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीनं नव्वदच्या दशकात युल्समनना फोटोशॉप वापरून पाहायला बोलावलं होतं. त्यांनी पाहिलं आणि ते डार्करूममध्ये परतले. संगणकाला चिकटली ती त्यांची तेव्हाची पत्नी मॅगी टेलर. जुन्या पत्र्यावरच्या फोटोंतली अनोळखी माणसं ती साध्या स्कॅनरवर स्कॅन करते आणि त्यांना नवं जग देते. एकाच घरात दोन माणसं, दोन साधनं, आणि चित्रं एकमेकांशी बोलणारी. साधनावरून भांडणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देते.

‘व्यक्तित्वाचं रक्षण’ ही भाषा जरा जास्तच होत नाही का? शेवटी चित्रं ती चित्रं.

इतिहास बघितला तर ज्यांना माणसं एकसारखी हवी होती त्यांनी या चित्रांना कधीच ‘नुसती चित्रं’ मानलं नाही. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकमध्ये ‘अवनत कला’ या नावानं प्रदर्शन भरवलं. जर्मन संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे ६५० कलाकृती तिथे लोकांनी हसावं म्हणून टांगल्या होत्या. त्यात अर्न्स्टही होता. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३८ मध्ये, कैरोत कवी जॉर्ज हेनेन आणि त्याच्या मित्रांनी एक पत्रक काढलं. त्याचं शीर्षकच होतं ‘अवनत कला चिरायू होवो’. इजिप्तमधली पोरं जर्मनीतल्या चित्रांसाठी उभी राहिली, हे मला फार आवडतं.

क्लोद काऊँची गोष्ट आणखी थरारक आहे. ही फ्रेंच कलावती स्वतःचेच फोटो काढायची, कधी डोकं तासून, कधी पहिलवानाच्या वेषात, कधी बाहुलीसारखी, आणि त्यांतून फोटोमोंताज, म्हणजे फोटोंचं कोलाज, करायची. ‘मी’ म्हणजे ठरीव काही आहे हेच तिला मान्य नव्हतं. १९४० मध्ये जर्मनांनी जर्सी बेट घेतलं तेव्हा ती आणि तिची जोडीदार मार्सेल मूर तिथेच राहत होत्या. दोघींनी पातळ कागदावर जर्मनमध्ये चिठ्ठ्या टाइप केल्या आणि त्या सैनिकांच्या खिशांत, सिगारेटच्या पाकिटांत, मोटारींत सरकवायला सुरुवात केली. खाली सही ‘नाव नसलेला सैनिक’. आपल्याच फौजेत कुणी फितूर आहे असं वाटावं, हा डाव. १९४४ च्या जुलैत त्या पकडल्या गेल्या आणि त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. तो अमलात आला नाही. मे १९४५ मध्ये बेट मुक्त झालं. आयुष्यभर वेगवेगळे मुखवटे घालून फोटो काढणाऱ्या बाईलाच एक न दिसणारा सैनिक उभा करता आला, यात योगायोग कमी आणि सराव जास्त आहे.

आणि विनोदी बाजू हवी असेल तर पोलंड. १९८१ च्या डिसेंबरात तिथे लष्करी कायदा लागू झाला. लोक भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहीत आणि सरकार त्यांवर रंगाचे पट्टे मारी. ‘समाजवादी अतिवास्तववादाचा जाहीरनामा’ लिहिणाऱ्या वाल्देमार फिद्रिख यानं व्रोत्सवाफ शहरात त्या पट्ट्यांवरच टोपीवाले बुटके रंगवायला सुरुवात केली. १ जून १९८८ ला हजारो लोक बुटक्यांच्या टोप्या घालून रस्त्यावर उतरले. टोपी घातली म्हणून माणसाला पकडायचं, तर पोलिसांनी अहवालात लिहायचं काय?

म्हणजे हे सगळे स्वातंत्र्याचे पुजारी होते?

छे. ब्रेतोन संघटना एखाद्या मठासारखी चालवायचा. कोण आत, कोण बाहेर ते तो ठरवायचा आणि कित्येकांना त्यानं हाकलून दिलं. दालीवर तर रीतसर खटलाच भरवला होता. बायकांबद्दलही तेच: चित्रांत त्या हव्यात, बैठकीत त्यांनी प्रेरणा वगैरे बनून राहावं. लिओनोरा कॅरिंग्टन आणि रेमेदिओस वारो या चित्रकर्त्रींनी मेक्सिकोत जाऊन आपापली कामं केली आणि माझ्या मते त्या दोघी दालीपेक्षा सरस आहेत. यावर वर्गात भांडणं होतात. होऊ द्यावीत.

एआयला ‘सररिअल’ म्हटलं की काही सेकंदांत चित्रं मिळतात. मग तुमची गरज काय?

ती चित्रं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. ढगांतून पोहणारा देवमासा, आकाशात तरंगणारं बेट, कुठेच न पोचणारा जिना, पाठमोरा एकटा माणूस, मागे भलामोठा चंद्र, रंग निळसर-नारिंगी. नाशिकच्या मुलीनं मागितलं तरी तोच देवमासा आणि लिस्बनच्या मुलानं मागितलं तरी तोच.

यामागे यंत्राचं काम करण्याचं तंत्र आहे. ही मॉडेल्स (चित्रं बनवायला शिकवलेले प्रोग्राम) इंटरनेटवरून गोळा केलेली चित्रं आणि त्यांच्या सोबतचा मजकूर यांवर शिकतात. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या लायन-५बी या संचात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. स्टेबल डिफ्यूजन हे मॉडेल त्याच्याच काही भागांवर घडवलं गेलं. चित्र बनताना सुरुवात निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून होते. प्रत्येक पायरीला गोंधळ थोडा कमी होतो आणि तुम्ही लिहिलेल्या शब्दांशी ज्या रूपांची गाठ जास्त वेळा पडलेली आहे, तिकडे चित्र सरकतं. ‘सररिअल’ या शब्दाखाली लोकांनी वर्षानुवर्षं देवमासे चढवले, म्हणून देवमासा येतो. तुमच्या हाती पडतं ते सगळ्यांच्या स्वप्नांचं सरासरीकरण. ब्रेतोनची मंडळी एकेका डोक्यातून जे उपसू पाहत होती ते या प्रक्रियेत सर्वांत आधी गाळलं जातं.

२०२४ मध्ये अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा एक प्रयोग ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आला. सुमारे ३०० लोकांना अगदी छोट्या कथा लिहायला दिल्या आणि काहींना एआयकडून कल्पना घ्यायची मुभा दिली. मदत घेतलेल्या कथा वाचणाऱ्यांना जास्त सर्जनशील वाटल्या, विशेषतः एरवी ज्यांना फारसं सुचत नाही त्यांच्या. पण त्या कथा एकमेकींसारख्या जास्त होत्या. माझ्या सगळ्या कामाचा मुद्दा या निष्कर्षात आहे. प्रत्येकाला वाटतं आपण वर चढलो, आणि वर पोचल्यावर सगळे एकाच गच्चीवर भेटतात.

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्यांना हे अनोळखी वाटू नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राच्या पेपरसाठी आपण काय करायचो? ठरलेल्या मानवाकृती पाठ. टोपली घेतलेली बाई, छत्री धरलेला पुरुष, सायकलवाला, वाकून भाजी निवडणारी म्हातारी. विषय ‘आठवडा बाजार’ येवो की ‘पावसाळ्यातला बसथांबा’, तीच चार माणसं इकडून तिकडे. पेपरचं नाव स्मरणचित्र, पण स्वतःच्या स्मरणातलं त्यात क्वचितच काही असायचं. ग्रेड मात्र मिळायची! एआय येण्याच्या किती तरी आधी आम्ही सरासरी काढायला शिकलो होतो, त्यामुळे सगळा दोष यंत्रावर ढकलायला मी तयार नाही.

मग एआय वापरायचंच नाही का?

मी असा फतवा काढत नाही. २०१५ मध्ये गूगलच्या अलेक्झांडर मोर्दविंत्सेव्हनं डीपड्रीम हा प्रोग्राम दाखवला, ज्यात ढगांतून कुत्र्यांची तोंडं उगवायची. ते पाहून मी खुळावले होते, कारण तिथे यंत्र चुकत कसं बघतं ते दिसत होतं. पुढे यंत्रं सुबक झाली आणि माझा रस कमी झाला. वर्गात आमचा एकच नियम आहे: चित्रातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल ‘हे इथे का?’ असं विचारलं, तर चित्रकाराला उत्तर किंवा निदान हट्ट तरी हवा. ‘आलं म्हणून ठेवलं’ चालणार नाही. चूक सापडली आणि जाणीवपूर्वक ठेवली, तर चालेल. एआयनं दिलेला पोत, आकाश, कापडाची चुणी कुणी वापरली तर मी हरकत घेत नाही. कल्पना उसनी घेतली, तर घेते.

मला चित्र काढता येत नाही. जमेल का?

जमेल. कोलाजवाल्याला रेघेपेक्षा नजर लागते.

कल्पना आणायच्या कुठून? मला तर देवमासाच सुचतो.

सगळ्यांना आधी देवमासाच सुचतो. तो काढून टाका आणि पुढचा यायची वाट बघा. ब्रेतोनच्या गटाची जुनी युक्ती अजून चालते: उठल्या उठल्या, फोन हातात घ्यायच्या आधी, न थांबता लिहायचं. व्याकरण नको, अर्थ नको. पान भरलं की मिटायचं आणि काही दिवसांनी वाचायचं. बहुतेक भाग टाकाऊ असतो. एखादं वाक्य मात्र असं निघतं, की आपणच दचकतो.

दुसरं म्हणजे स्वतःची खाण. फुकट फोटोंच्या साइटवर जायच्या आधी घरातला माळा उघडा. एका विद्यार्थिनीचे वडील एसटीत कंडक्टर होते. मशिन येण्याआधी कंडक्टरकडे वेगवेगळ्या दरांच्या रंगीत तिकिटांचे गठ्ठे लावलेली पत्र्याची पेटी असायची आणि टिकटिक करणारा पंच. पेटी तिच्या घरी जपून ठेवलेली होती. तिनं आधी पेटीतून उडणारी फुलपाखरं केली. चित्र सुबक होतं आणि कुणाचंही असू शकलं असतं. मग बोलता बोलता ती म्हणाली, की दिवाळीत जादा गाड्या सुटायच्या, त्यामुळे बाबा कधीच घरी नसायचे. दुसऱ्या चित्रात पेटीच्या प्रत्येक खाचेत तिकिटांऐवजी एकेका वर्षाचं अंगण बसवलेलं आहे. रांगोळी, पणत्या, तुळशीवृंदावन, सगळं तिकिटासारखं घडी घालून. आणि प्रत्येक अंगणाच्या कोपऱ्यात पंचनं पाडलेलं गोल भोक. हे चित्र कुठल्याच मॉडेलकडे मागता येणार नाही, कारण काय मागायचं हे कळायलाच तिला तिचं बालपण लागलं.

माझी चित्रं ‘चिकटवलेली’ दिसतात. काय चुकतं?

दहांपैकी नऊ वेळा उजेड. वरच्याच चित्राचं उदाहरण घ्या. पेटीचा फोटो गच्चीवर सकाळच्या उन्हात काढलेला, ऊन डावीकडून, सावल्या कडक. रांगोळ्यांचे फोटो जुन्या अल्बममधले, काही फ्लॅशमध्ये, काही ट्यूबलाइटखाली. तसेच बसवले तर डोळा लगेच ओळखतो. म्हणून आधी सगळ्या तुकड्यांचा रंग काढून चित्र करड्या छटांत बघायचं. कुठला तुकडा जास्त उजळ, कुठला जास्त काळा, ते रंगाशिवाय चटकन कळतं. ते जुळलं की मग रंगाची ऊब जुळवायची. फ्लॅशचा निळसरपणा कमी, उन्हाचा पिवळेपणा थोडा वाढवायचा.

सावल्या दोन लेयरवर करा. वस्तू जिथे टेकते तिथली सावली बारीक, गडद, जवळजवळ काळी. लांब पडणारी सावली फिकट आणि दूर जाताना पसरट. नवशिके दुसरी करतात आणि पहिली विसरतात, म्हणून त्यांच्या वस्तू हवेत तरंगतात. (तरंगत्या वस्तूंचं आम्हाला वावडं नाही, पण त्या मुद्दाम तरंगाव्यात.) कडा इरेझरनं खोडू नका, मास्क (नको तो भाग न खोडता झाकणारा पडदा) लावा. उद्या मत बदललं तर खोडलेलं परत येत नाही. फोकसमधल्या वस्तूची कड तीक्ष्ण, मागच्या वस्तूची मऊ. अगदी शेवटी सगळ्यावर मिळून एकच बारीक दाणा (फिल्मवरच्या फोटोत दिसतो तसा ग्रेन) टाका. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून आलेले तुकडे त्यानं एका घरचे वाटू लागतात.

एवढी मेहनत कशासाठी? अर्न्स्टनं सांधे लपवले त्याच कारणासाठी. अशक्य गोष्ट साक्षीदारानं पाहिल्यासारखी दिसली, तरच बघणारा थबकतो.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

पैसे खर्च करू नका. क्रिटा, गिंप आणि ब्लेंडर फुकट आहेत, फोटोपिया ब्राउझरमध्येच चालतं. फोनवर आयबिस पेंट. जे तुमच्या जुन्या लॅपटॉपवर रडत नाही ते घ्या.

चार मित्र मिळून करता येईल असं काही?

१९२५ च्या सुमारास ब्रेतोनच्या मित्रांनी एक खेळ काढला होता. कागदाला घड्या घालायच्या, एकानं डोकं काढायचं, घडी मिटायची, पुढच्यानं न बघता धड, त्यापुढच्यानं पाय. डिजिटलमध्ये उभ्या फाइलचे समान भाग करा. पहिल्यानं आपला भाग पूर्ण करून पुढच्याला फक्त तळाची बोटभर पट्टी कापून पाठवायची. तेवढ्यावरून त्यानं पुढे न्यायचं. शेवटी सगळे तुकडे एकाखाली एक. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि जोड फुटतो. शाळेतल्या मुलांना या खेळाचं वेड लागतं. शिक्षकांना लागायला जरा वेळ जातो.

आपल्याकडे ही परंपरा आहे का, की सगळं पॅरिसहून आलं?

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची चित्रं पाहा आणि मग ठरवा. नागावला जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, मग वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या विणकरांसाठीच्या सरकारी संस्थेत नोकरी, त्यातली काही वर्षं बनारसला. त्यांच्या कॅनव्हासवर घड्याळ, पान, शंख, सेफ्टी पिन अशा साध्या वस्तू सपाट, शांत पृष्ठभागावर एकमेकींपासून अंतर राखून उभ्या असतात आणि त्या अंतरातच काहीतरी घडत असतं. रंग बरेचदा एनॅमलचे. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक डिजिटल काम करणाऱ्यानंही वाचावं. वस्तू चित्रात येताना तिचं काय होतं, यावर इतकं नेमकं मराठीत फार थोडं लिहिलं गेलंय. गंमत अशी, की २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. अमोल पालेकर भाषणात संग्रहालयाच्या कारभारातल्या बदलांबद्दल बोलू लागले आणि त्यांना व्यासपीठावरूनच पुन्हा पुन्हा अडवलं गेलं. शांत चित्रांच्या साक्षीनं.

कोलकात्यात चित्रकार बिकाश भट्टाचार्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, नक्षलवादी हिंसेच्या दिवसांत, बाहुल्यांची मालिका रंगवली. ओसाड गच्च्यांवर, जिन्यांत पडलेल्या बाहुल्या. प्रेत न दाखवता प्रेत दाखवायचं कसं, ते तिथे शिकावं.

आणि दालीचा आपल्याशी संबंध थेट एअर इंडियाचा. १९६७ मध्ये त्यानं कंपनीसाठी एक अ‍ॅश-ट्रे घडवला आणि मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं. कंपनीनं ते खरंच विमानानं पाठवलं.

लोक ‘याचा अर्थ काय’ विचारतात. काय सांगू?

त्यांना काय दिसलं ते आधी विचारा. बहुतेकांकडे उत्तर असतं, फक्त ते चुकीचं ठरेल अशी भीती असते.

देवदेवतांच्या प्रतिमा वापरल्या तर अडचण येते का?

येऊ शकते. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन यांचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्यावरची अश्लीलतेची प्रकरणं रद्द केली, निकालपत्रात कलेच्या बाजूनं भरभरून लिहिलं, पण २००६ मध्ये देश सोडलेले हुसेन परत आले नाहीत. २०११ मध्ये लंडनला वारले. न्यायालयात जिंकणं आणि निवांत चित्र काढता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावना मुद्दाम, दुष्ट हेतूनं दुखावण्याला गुन्हा मानतं. तुमचा हेतू तसा नसला तरी तक्रार व्हायला वेळ लागत नाही. हे वापरा किंवा वापरू नका, असं मी सांगणार नाही. ते केवळ लक्ष वेधायला वापरलं असेल, तर तेही एक प्रकारे देवमासाच आहे, एवढं मात्र सांगेन.

दुसऱ्याचे फोटो आणि जुनी चित्रं वापरता येतात का?

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोलाही हाच नियम: छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. मळवलीच्या त्यांच्या छापखान्यातल्या जुन्या ओलिओग्राफांच्या (छापील रंगीत चित्रांच्या) कडांवरची वेलबुट्टी तर कोलाजवाल्यांसाठी खजिना आहे. बेल्जियन अतिवास्तववादी चित्रकार माग्रीत १९६७ मध्ये गेला, त्याला हात लावू नका. गूगलवर सापडलं म्हणजे फुकट झालं, असं होत नाही.

तुमच्या स्वतःच्या चित्राचा हक्क ते तयार होताच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. आणि स्वामित्वहक्क कायद्याचं कलम ५७ लक्षात ठेवा. चित्र विकल्यावरही त्याची मोडतोड करून तुमच्या लौकिकाला बाध आणायचा हक्क कुणाला मिळत नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं कांस्य भित्तिशिल्प सरकारनं काढून अडगळीत टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

माझी शैली एआयनं उचलू नये म्हणून काही करता येतं?

थोडंफार. शिकागो विद्यापीठातल्या बेन झाओ यांच्या गटानं २०२३ मध्ये ग्लेझ हे सॉफ्टवेअर काढलं. चित्रात डोळ्याला जेमतेम जाणवतील असे बदल करून ते मॉडेलला शैलीबद्दल चकवतं. २०२४ च्या सुरुवातीला आलेलं नाइटशेड आणखी आक्रमक आहे, ते मॉडेलचं शिकणंच बिघडवू पाहतं. दोन्ही फुकट आहेत. अभेद्य कवच समजू नका. मॉडेल बदलली की चकव्याची ताकद बदलते. मी याशिवाय पूर्ण आकाराची फाइल कधीच कुठे चढवत नाही आणि लेयर असलेली मूळ फाइल जपून ठेवते. उद्या चित्र माझंच आहे हे दाखवायची वेळ आली, तर ती फाइल बोलते.

यात पैसा आहे का? (घरचे विचारतात.)

मार्च २०२१ मध्ये बीपल या अमेरिकन कलाकाराचं डिजिटल कोलाज क्रिस्टीजच्या लिलावात ६.९३ कोटी डॉलरना गेलं. ही बातमी घरी दाखवू नका, अपेक्षा वाढतात. खरं काम पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचं, नाटकांच्या पोस्टरचं, अल्बम कव्हरचं असतं. दर आधी लिहून घ्या, आगाऊ रक्कम घ्या, आणि ‘नाव होईल’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

चित्र छापायचं तर काय काळजी घ्यावी?

ए-३ साठी ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात, तेव्हा फाइल सुरुवातीलाच तेवढी उघडा. मागाहून ताणलेली चालत नाही. स्क्रीनवरचे झळझळीत निळे आणि हिरवे कागदावर मलूल पडतात, म्हणून छपाईवाल्याचं रंगांचं प्रोफाइल (त्याच्या यंत्रावर कुठला रंग कसा उतरतो ते सांगणारी फाइल) मागून प्रूफ बघा. सावल्यांत तपशील असेल तर चकचकीत कागदापेक्षा मॅट बरा. पहिली प्रत ट्यूबलाइटखाली पसंत करू नका, उन्हात नेऊन बघा.